कानबाईची फळी आणि एक सूत

कानबाई देवीच्या चौरंगाची फळी बिघडली ती माझ्यामुळे, हे मी गेल्या श्रावणात सगळ्या भाऊबंदांसमोर सांगितलं. ते सांगितल्याबद्दल काहींनी मला शाबासकी दिली, काहींनी येडा म्हटलं. पण चूक माझी आहे हे मला कधी कळलं, ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सगळ्यांची समजूत अशी की दोन वर्षं मशीन उघडून, तपासून, पुन्हा जोडून शेवटी मला ती चूक सापडली. तसं नाही. मला ती त्याच दुपारी माहीत होती. बिट लाकडात उतरल्यावर चार-पाच सेकंदांत.

आता हे लिहिलं. कोणी म्हणेल की इतक्या बारीक गोष्टीचं एवढं काय. त्यांनी पुढचं वाचू नये.

मी धुळ्यात एका सरकारी कार्यालयात नकाशे काढायचं काम करतो. वय बावन्न. बोलणं कमी. घराच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे मी सहा वर्षांपूर्वी एक छोटा सीएनसी राउटर उभा केला. मोटारी जळगावच्या एका दुकानातून आणल्या, चौकट स्वतः जोडली. टेबलावर मावेल एवढंच यंत्र. त्याच्या आडव्या पुलावर फिरणारं एक डोकं, डोक्यात बिट म्हणजे कोरायचं पातं, आणि कॉम्प्युटरवर काढलेली नक्षी ते लाकडात कोरतं. पाट्या, देव्हाऱ्याच्या जाळ्या, घड्याळाच्या तबकड्या. त्यातून मला काही मिळवायचं नव्हतं. नकाशावर ओढलेली रेघ लाकडात उतरताना बघायची, एवढीच हौस.

या यंत्राला डोळे नसतात, हे आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बटण दाबून चालू केलं की आपण कुठे उभे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून ते आधी हळूहळू एका कोपऱ्यात जातं. तिथे दोन छोटे स्विच असतात. ते दाबले गेले की त्याला कळतं, हे माझं घर. याला होमिंग म्हणतात. मग घरापासून लाकडाचा कोपरा किती लांब आहे, तो आकडा आपण एकदा भरून ठेवायचा. त्याला ऑफसेट म्हणतात. तो आकडा मशीन विसरत नाही. लाइट गेली, मशीन बंद पडलं, तरी पुन्हा घरी जाऊ दिलं की ते तिथून मोजून बरोबर त्याच कोपऱ्यावर येतं. पण घरी न जाताच काम सुरू करायला लावलं, तर तो आकडा कुचकामी. आंधळ्याला अंगणाच्या मधोमध गोल फिरवून सोडावं आणि म्हणावं, चल, उंबऱ्यापासून सात पावलं.

माणसाला घाई असेल तर घरी जाणं टाळायचीही सोय आहे. अनलॉक नावाचं एक बटण. मशीन तांबडा इशारा देऊन थांबलेलं असतं, ते बटण दाबलं की गप्प होतं आणि सांगाल ते करतं.

आमचं गाव धुळ्यापासून पाऊण तासावर. वर्षभर भाऊबंद कुठेकुठे पांगलेले असतात, कोणी सुरतेला, कोणी नाशकाला, पण श्रावणात कानबाईला झाडून सगळे घरी येतात. नारळाची देवी. तिला नथ घालायची, चौरंगावर बसवायची, बाजूला केळीचे खांब, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर न्यायची. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळायचे, त्याचे रोट, आणि ते रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचे नाहीत.

त्या देवीचा चौरंग आमच्यात नाना करत. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. जन्माने शेतकरी, हाताने सुतार. तरुणपणी धुळ्यात एका फर्निचरवाल्याकडे शिकले आणि गावात येऊन सुतारकीच धरली. भाऊबंदांत याचं फार कौतुक होतं असं नाही. शेती सोडून रंधा धरला म्हणून त्यांची टिंगलच व्हायची. पण श्रावण आला की टिंगल बंद. देवीच्या चौरंगाला नानांशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम कोणी केला नव्हता, तो पडून गेला होता. आणि वर्षभर ते याच एका गोष्टीवर ताठ चालत.

त्या वर्षी जुन्या चौरंगाला वाळवी लागली. नवा करायचा ठरला आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात नानांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते म्हणाले, पाय करतो, फळी करतो, पण कडेचा वेल कोरायला नजर अजून बसलेली नाही. मी पुढे झालो. वेल माझं मशीन कोरेल म्हणालो. नानांनी पटाशीची धार अंगठ्याने बघितली. मग म्हणाले, कोर. फळी त्यांनी सागाची केली, दीड फूट चौरस, दोन तुकडे जोडून. जोड कुठे आहे ते बोट फिरवून कळत नव्हतं. एका कोपऱ्यात त्यांनी पटाशीच्या टोकाने बारीक रेघ मारून दिली. इथून मोज, म्हणाले.

मी ते काम धुळ्याला शेडमध्ये निवांत करू शकलो असतो. केलं नाही. मशीन टेम्पोत घालून गावात नेलं आणि भावाच्या अंगणात मांडलं. मला ते दाखवायचं होतं. आयुष्यभर कोपऱ्यात बसून रेघा ओढणारा माणूस एकदा अंगणाच्या मध्यभागी उभा राहणार होता. हे मी आज लाजून सांगत नाही. माणसाला दाखवावंसं वाटतं. लाज पुढे आहे.

सकाळी घरातल्या एका काकूने फळीला हळदकुंकू लावलं. मी सगळं शिस्तीने केलं. मशीन घरी जाऊ दिलं, बिटाच्या जागी टोकदार सुई लावली, नानांच्या रेघेवर सुईचं टोक आणलं, आकडा भरला. मग सहा मिलीमीटरचा बिट चढवला. चार बाजूंच्या वेलाच्या चार फायली केल्या होत्या. दोन बाजू दुपारपर्यंत झाल्या. भुसा उडत होता, बायका पदर नाकाला लावून बघत होत्या, आणि एक चुलतकाका येईल त्याला सांगत होता की हे पोरगं लहानपणी मुकं वाटायचं. नाना ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. एकदाच उठले, वेलावरून बोट फिरवलं आणि पुन्हा जाऊन बसले.

तिसरी बाजू सुरू झाली, चार पानं कोरून झाली, आणि लाइट गेली.

अर्धा-पाऊण तास लाइट नव्हती. मोटारी ढिल्या पडल्या. त्या काळात मी त्याच काकांना दाखवायला पूल हाताने मागेपुढे ढकलला, बघा किती हलका आहे म्हणून. लाइट आल्यावर पडद्यावर तांबडा इशारा आला. घरी जाऊ द्या. मी होमिंगचं बटण दाबलं. डोकं वर उचललं गेलं आणि फळीवरून उलटं, मागे कोपऱ्याकडे निघालं.

आमच्यात एक पाळतात. देवीच्या लाकडाला एकदा हात घातला की काम अर्ध्यातून मागे न्यायचं नाही. नाना वेल कोरायचे तेसुद्धा एका दिशेने, चुकलं तरी पटाशी उलटी फिरवायचे नाहीत. डोकं मागे निघालेलं बघून काकू चपापली. काका म्हणाले, "मांगे कसाले जास ते? देवीना कामले मांगे फिरतस का कोनी?"

तेवढ्यात कोणीतरी हसलं की मशीनला काम झेपलं नाही, घरी पळतंय.

मी थांबवायचं बटण दाबलं. होमिंग अर्धवट राहिलं. पुन्हा तांबडा इशारा. आणि मी अनलॉक दाबलं.

देवीसाठी दाबलं असं मी पुढे स्वतःला खूप दिवस सांगितलं. चूक. ते हसणं मला सहन झालं नाही म्हणून दाबलं. दोन मिनिटं थांबून, बाबांनो, याला आधी घरी जावं लागतं, एवढंच सांगायचं होतं. बोलता आलं नाही.

आता मशीनला आपण कुठे आहोत हे माहीत नव्हतं, म्हणून मी डोकं बटणांनी चालवत नानांच्या रेघेपाशी आणलं आणि नजरेने कोपरा पुन्हा धरला. पण सकाळी डोक्यात सुई होती, आता सहा मिलीमीटरचा बिट होता. त्याचा मध्य रेघेवर यायला हवा होता. मी त्याची कड रेघेला टेकवली आणि म्हटलं, इथे शून्य. कड आणि मध्य यांत तीन मिलीमीटर. सुताराच्या मापात एक सूत.

तिसरी बाजू पहिल्यापासून सुरू केली. बिट लाकडात उतरला आणि पहिल्या पानाशेजारी दुसरं पान उमटायला लागलं. एक सूत सरकून. मला तेव्हाच कळलं. कड टेकवली, हे शब्द डोक्यात आले, अगदी असेच. हात थांबवायच्या बटणावर होता. माणसं बघत होती. मी ते दाबलं नाही. तिसरी बाजू पुरी झाली, चौथीही झाली, आणि चौथीचा वेल पहिलीला येऊन मिळाला नाही. दोन टोकं एकमेकांच्या शेजारून निघून गेली.

सगळे वाकून बघायला लागले. काकांनी विचारलं, हे काय झालं.

मी म्हणालो, "फळी गुण्यात नाही. नानांचं माप सरकलंय."

गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन. फळी गुण्यात नाही म्हणजे तिचे कोपरे काटकोनात नाहीत, ती तिरकी आहे. सुताराला याहून वाईट शिवी नाही. मी ती हळू आवाजात दिली. त्यामुळे ती जास्त खरी वाटली, कारण मी फार बोलत नाही आणि बोलतो ते मोजून, अशी माझी ख्याती.

नाना उठले, घरून गुण्या घेऊन आले. चष्मा काढला. फळीच्या चारी कोपऱ्यांना तो लावून बघितला. एकेका कोपऱ्याला बराच वेळ. मग गुण्या काखेत धरून घरी गेले. मागून कोणीतरी म्हणालं की डोळ्याचं ऑपरेशन झालंय, व्हतं कव्हय कव्हय. त्याने ते मायेने म्हटलं. त्या मायेनेच घात केला. कोणी शंका घेतली असती तर नाना भांडले असते. समजून घेणाऱ्यांशी ते काय भांडणार.

चुकलेलं लाकूड देवीला चालत नाही. दोन दिवसांत धुळ्याच्या बाजारातून तयार चौरंग आणला, प्लायचा, वर सोनेरी कागद. पुढच्या वर्षीही तोच मांडला. नानांना कोणी विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. गावात दारं-खिडक्यांची कामं यायची तीही हळूहळू थांबली. कोणी मुद्दाम बंद केली नाहीत. आता त्यांना कशाला त्रास, असं म्हणत लोक दुसरीकडे गेले. भाऊ फोनवर सांगायचा, नाना आता ओट्यावर बसून राहतात, हत्यारांची पेटी खाटेखाली ढकलली. मी हं म्हणायचो.

बिघडलेली फळी मी दुरुस्त करतो म्हणून धुळ्याला आणली होती. शेडमध्ये उभी करून ठेवली, तोंड भिंतीकडे.

आणि मग मी तपास सुरू केला. लोकांना ज्या तपासाचं कौतुक आहे तो हा. घरी आल्यावर जेवणाआधीचा तास-दीड तास, रविवारी सगळी सकाळ. मी चूक शोधत नव्हतो, ती मला माहीत होती. मी दुसरी चूक शोधत होतो. मशीनची एखादी अशी चूक, की जिच्यामुळे माझी चूक झाली नसती तरी फळी बिघडलीच असती. तेवढी सापडली की मी सुटलो.

आणि गंमत अशी की चुका सापडत गेल्या. डोक्यात सुई लावली, खाली कागद चिकटवला, मशीन पंचवीस वेळा घरी पाठवलं, दर वेळी त्याच जागी येऊन कागदावर टोचायला लावलं. सगळी टोचणी एकाच भोकात पडायला हवीत. चोवीस पडली, एक अर्धा मिलीमीटर बाजूला. मला केवढा आनंद झाला. स्विचच्या पट्टीचा स्क्रू टेम्पोच्या हादऱ्यांनी ढिला झाला होता. तो आवळला, पट्टी बदलली. मग कधीकधी स्विच दाबला न जाताही मशीन घर आलं म्हणून थांबायचं. त्याचं कारण शोधायला महिना गेला. बिट फिरवणाऱ्या स्पिंडलची जाड वायर आणि स्विचची बारीक वायर एकाच नळीतून नेल्या होत्या, जाड वायरीतला विजेचा कचरा बारकीत शिरत होता. दोन्ही वेगळ्या केल्या, बारकीला जाळीचं वेष्टन घातलं. थांबलं. पुलाची डावी बाजू उजवीपेक्षा किंचित आधी घरी पोचत होती. तीही बसवली. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी हिशेब मांडायचो. अर्धा मिलीमीटर. पाव. एकदा जेमतेम पाऊण. एक सूत कशातूनच येईना.

बायको एकदा दारात चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "पोलीस पण एवढं तपासत नाहीत. कोणाला पकडायचंय तुम्हाला?"

मी चहा घेतला.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात सापडण्यासारखं काहीच उरलं नाही. यंत्र आता इतकं बरोबर चालत होतं की माझ्यासाठी त्यात लपायला जागा नव्हती. मग एका रविवारी मी तेवढ्याच मापाची एक साधी फळी घेतली, सुईने कोपरा धरला, तोच वेल कोरायला लावला, आणि तिसऱ्या बाजूला चार पानं झाल्यावर मेन स्विच बंद केला. पूल ढकलला. पुन्हा चालू केलं, अनलॉक दाबलं, बिटाची कड रेघेला टेकवली. कोरलं. भिंतीकडे तोंड केलेली फळी फिरवली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. एकसारख्या. तेच दुहेरी पान, तीच न मिळालेली टोकं. मी नानांच्या फळीला गुण्याही लावला. चारी कोपरे काटकोनात. पहिल्यांदाच लावला, दोन वर्षांत.

दोन्ही फळ्या घेऊन मी गावी गेलो. नाना ओट्यावर होते. मी सगळं सांगितलं, लाइट गेली ते, कड टेकवली ते. त्यांनी दोन्ही फळ्यांवरून बोट फिरवलं, जसं त्या दिवशी फिरवलं होतं. मी माफी मागतो म्हणालो.

ते म्हणाले, "माले काय सांगस रे भो. माले त्याच दिन माहीत व्हतं. मी गुण्या लायेल व्हता ना."

मग बोलले का नाही, असं मी विचारलं. त्यांनी फळ्या ओट्यावर उलट्या ठेवल्या. म्हणाले, "तू सांगं ते बठ्ठासमोर. आनि माफी एकलाले मांगस?"

फळीला नाव मी सगळ्यांसमोरच ठेवलं होतं. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं, माझ्याकडे न बघता.

"तुले कव्हय कळनं?"

मी म्हणालो, "आत्ते. तपासं तव्हय."

ते हं म्हणाले.

भावाकडे जेवायला बसलो तेव्हा त्याला सांगितलं की मी हे कानबाईला सगळ्यांसमोर बोलणार आहे. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा, शेती तोच बघतो, आणि घराची अब्रू सांभाळणं हे त्याला शेतीइतकंच काम वाटतं. तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी खरंच बोलणार आहे. म्हणाला, सण आहे, लेकी-बाळी घरी येतात, सुरतेहून माणसं येतात, त्यात हे कशाला. नानांना घरी जाऊन सांगितलंस, संपलं. शिवाय लोक उद्या तुझ्या सरकारी नकाशांवरही विश्वास ठेवणार नाहीत.

"आते दोन साल व्हई ग्यात," तो म्हणाला. "कोनले याद शे?"

"नानास्ले शे," मी म्हणालो.

तो श्रावण येईपर्यंत माझ्याशी नीट बोलला नाही. बायकोचं म्हणणं वेगळंच होतं. हे मशीनच घरात नको, विकून टाका, म्हणाली. मी नाही म्हटलं. मशीनने त्या दिवशी मला दोनदा बजावलं होतं, घरी जाऊ दे. भर अंगणात खरं बोलणारं तेवढं एकच होतं. ते मी विकणार नाही.

कानबाई नदीवर पोचवून आलो. पंगत बसली, रोट वाढून झाले. मी जेवायला न बसता उभा राहिलो. आमच्याकडे रोटाच्या पंगतीत कोणी भाषण करत नाही, त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं मला काहीतरी वाढून हवंय. नाना तिसऱ्या ओळीत बसले होते. मी सांगायला सुरुवात केली, मागच्या ओळींना ऐकू जाईना, म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्याने.

"नानास्नी फळी गुण्यामा व्हती. चूक मनी व्हती."

पुढचं कसं घडलं ते सांगितलं. काही जणांनी खाली बघून जेवायला सुरुवात केली. काका म्हणाले, अरे, मशीननी चूक शे, तुनी काय त्यामा. ते मला वाचवत होते आणि मला त्यांचा राग आला.

"मशीन सांगी राहिनं व्हतं," मी म्हणालो. "मी आयकं नही."

"एक सूतना करता रोट थंडा कराडं यानी," मागून एक चुलतभाऊ म्हणाला, आणि पंगत हसली. दोन वर्षांपूर्वी अशाच एका हसण्याने माझं बोट त्या बटणावर गेलं होतं. या वेळी मी हसणं संपेपर्यंत उभा राहिलो. मग म्हणालो की पुढच्या वर्षीचा चौरंग नाना करतील, सोनेरी कागदाचा चालणार नाही, आणि कोणाला अडचण असेल तर त्याने आत्ता बोलावं. कोणी बोललं नाही. भाऊ ताटाकडे बघत होता. नाना जेवत होते. मी बसलो आणि रोट खाल्ला. थंड झाला होता, ते खरं.

इथे गोष्ट संपवली तर लोकांना आवडेल. मलाही आवडली असती.

दिवाळीनंतर मी सागाची फळी घेऊन गावी गेलो. नानांनी खाटेखालची पेटी ओढली, रंधा काढला, पातं दगडावर लावलं. त्यात हात बरोबर चालला. मग फळी बाकावर अडकवून रंधा मारायला लागले. पहिली साल लांब निघाली. दुसरी तुटली. तिसऱ्या वेळी रंधा मध्येच अडला आणि फळीला खाच पडली. त्यांनी पुन्हा मारला, पुन्हा अडला. दोन वर्षं त्यांनी रंधा धरला नव्हता आणि शहात्तराव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे तरुण माणसाची वीस. रंधा खाली ठेवून ते तळहात बघत बसले.

"हात इसरी ग्यात," म्हणाले.

मी म्हणालो, बसेल हात, सरावाने बसेल. त्यांनी रंधा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, तू मार. मशीनवर नही, हातवरी.

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. ते ओट्यावर बसून सांगतात, मी रंधा मारतो. तीन फळ्या वाया गेल्या. चौथी चालू आहे. फळी झाली की ते गुण्या लावतात, उजेडाकडे धरतात, आणि कड कुठे सुटली आहे ते मला बघायला लावतात. शिव्या देत नाहीत. एकदा फक्त म्हणाले की सरकारी नकाशे असेच असतील तर पूल कसे उभे राहतात. भाऊ आता बोलतो. बायको म्हणते, केलंत ना सगळं, आता तरी तोंड हसरं ठेवा. मी ठेवत नाही. सगळं झालेलं नाही, हे मला माहीत आहे, आणि झाल्यासारखं दाखवायचं मी आता बंद केलं आहे.

दर रविवारी नाना आणि मी दोघंच असतो, तीन-चार तास. बोलायला जागा भरपूर. घरून निघताना दर वेळी सांगायचं ठरवतो आणि परतीच्या एसटीत बसल्यावर कळतं की आजही राहिलं. त्यांनी मला सरळ विचारलं होतं, तुले कव्हय कळनं, आणि मी खोटं सांगितलं. पहिलं खोटं माणसांच्या गर्दीत भीतीने बोललो असं म्हणता येईल. हे दुसरं एकट्या म्हाताऱ्या माणसाशी, त्याच्याच ओट्यावर, माफी मागायला गेलो असताना बोललो.

तीन कानबाया दुसऱ्याच्या चौरंगावर बसल्या आणि नानांचे हात गेले. त्याची भरपाई माझ्याकडून व्हायची नाही. त्या एका प्रश्नाचं खरं उत्तर मात्र मी त्यांना देणं लागतो, ते अजून दिलेलं नाही.